पाच बोटांतला मासा

मित्रांनो, माझे कुणी खरे मानणार नाही, पण मी एकट्याने नदीच्या घशातून अख्खा पलंग उपसला आहे, गादीसकट. गादीवर एक बेडूक झोपला होता. त्याने कूस बदलली आणि मलाच शिवी हासडली.

मी एक जुना लोखंडी पंजा आहे. पाच वाकडी बोटे आणि बांबूचा लांब दांडा. लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवले, तेव्हा वाटले होते, गवत ओढत आयुष्य सुगंधात जाईल. नशीबच फुटके. एका शिंपीणबाईने मला विकत घेतले आणि थेट नदीवर नेले.

तिचे सासरे नावाडी. नाव मात्र अंगणात पालथी, तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. म्हाताऱ्याची नजर विझत चालली होती. दिसते आहे तोवर नाव एकदा पाण्यात पाहायची, एवढाच त्याचा हट्ट. पण पाणी होते कुठे? नुसता काळा, बुडबुडणारा राडा.

शिंपीणबाईने शेजारपाजारचे आठ जण गोळा केले आणि मला आत बुडवले. शी! पोरांचे लंगोट, केसांचे पुंजके, फुगलेली उशी. उशीला बोट लावले तर ती माझ्याच अंगावर ओकली. वर पुलावरून लोक आमच्याकडे बघत बघत पिशव्या टाकत. एक तर माझ्या दांड्यावरच फुटली. आत काय होते ते सांगत नाही, तुम्हाला अजून जेवायचे असेल.

महिनाभर उपसलेली घाण आम्ही काठावर रचली. ढीग पाहून सगळे मिशीला पीळ देत होते. मग एक पूर आला आणि ढीग जसाच्या तसा नदीत. दुसऱ्या दिवशी चौघेच आले, तेही आपापली घमेली घरी न्यायला.

म्हातारा काठीने चाचपडत आला. म्हणाला, "सूनबाई, केर काढून उंबऱ्यातच ठेवलात. वर चढावर न्या की."

चढ उभा आणि माणसे चार. कुणी हलेना. तेवढ्यात पाण्यात टेकवलेल्या माझ्या बोटांत हातभर लांब मासा आला! कित्येक वर्षांत त्या नदीत मासा दिसला नव्हता. चौघांनी घमेली डोक्यावर घेतली ती थेट चढावर. पुढे पुलावरचेही काही खाली उतरले, पण टाकायला नव्हे, भरायला. तीन वर्षांनी नाव पाण्यात गेली. म्हाताऱ्याने डोळे बारीक करून पाहिले, गाल पुसला आणि एवढेच म्हणाला, "गळतेय."

आता मी खिळ्याला टांगलेला असतो आणि गंज खातो. मित्रांनो, लोखंडाला थोडे तेल द्या आणि नदीला पिशव्या देऊ नका. आणि ही सारी करणी त्या माशाची, हे विसरू नका. काय तडफडत होता माझ्या बोटांत, अगदी जिवंत...

"पुरे रे पंज्या," खाली शिलाई मशीनवर बसलेली शिंपीणबाई म्हणाली. "त्या माशाचं पोट साफ केलेलं होतं. मामंजींनी बाजारातून आणून तुझ्यात अडकवला, आम्ही चौघांनी डोळ्यांनी पाहिलं. पण धड दिसत नसताना माणूस बाजारापर्यंत जाऊन आला. मग घमेलं घरी कसं न्यायचं?"