विहिरीचा जवाब

सियासियात म्हणजे राज्यशास्त्र. निजामाच्या राज्यात ते उर्दूत शिकवायचे, आणि त्या एका विषयापायी मी चार वर्षं सास्तूर ते धाराशिव धूळ खाल्ली. इतिहास सुटला, फारसीसुद्धा कशीबशी सुटली, पण सियासियात काही सुटेना. मी सास्तूरच्या शाळेत हंगामी मास्तर, दोन लेकरांचा बाप. इंटर पास झालो तर नोकरी पक्की, नाहीतर कधीतरी नारळ मिळणारच होता. रस्त्यात कुणी विचारायचं, 'विरुपाक्ष मास्तर, ह्या वयात कसलं वो कॉलेज?' त्याला उत्तर द्यायचाही पुढं पुढं मला कंटाळा यायला लागला.

कॉलेज म्हणावं असं तिथं काही नव्हतं. बाजारामागं भाड्याच्या तीन खोल्या आणि दारावर उर्दू पाटी, बस्स. आम्हा नोकरीवाल्यांसाठी जुम्म्याच्या दुपारी वेगळा वर्ग भरायचा, कारण शाळांना सुट्टी जुम्म्याची. गुरुवारी शाळा सुटली की मी बैलगाडीनं लोहाऱ्याला यायचो आणि तिथून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं पुढं. चढ आला की मोटार धापा टाकायची आणि आम्ही उतारू खाली उतरून तिला ढकलायचो. रात्री मठात अंग टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी नमाज झाल्यावर दस्तगीर साहेबांसमोर जाऊन बसायचं.

गुलाम दस्तगीर साहेब धाराशिवचेच. बारीक अंगाचे, दम्यानं बेजार, शेरवानीची वरची गुंडी कायम तुटलेली. शिकवायचे म्हणजे काय करायचे, तर एक सवाल सांगायचे आणि त्याचा जवाब सांगायचे. तो आम्ही उतरून घ्यायचा, पाठ करायचा आणि पेपरात जसाच्या तसा ओकायचा. एक नुक्ता इकडचा तिकडं झालेला त्यांना खपायचा नाही. वार्षिक परीक्षेच्या आधी कॉलेजची चाचणी असायची. चाचणीत जो नापास, त्याचा फॉर्म पुढं जायचा नाही. वह्या साहेबच तपासायचे, आणि तपासलेल्या वह्या मग तालीम म्हणजे शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर येऊन चाळायचा.

माझी पहिली चाचणी पंचेचाळीस सालची. सवाल आला, 'मुल्कात सगळ्यात वरची सत्ता कोणाची?' ह्याचा जवाब आम्हाला दीड पान सांगितलेला होता. सत्ता आला हजरतांची, म्हणजे निजामाची, आणि त्यांचं नाव येईल तिथं पुढं दुआ लिहायची, खल्लदल्लाहु मुल्कहू, म्हणजे अल्ला त्यांचं राज्य कायम ठेवो. एवढं लिहिलं असतं तर मी सुटलो असतो. पण त्या दिवशी माझ्या अंगात काय शिरलं होतं कुणास ठाऊक.

आदल्याच आठवड्यात गावात विहिरीचा गाळ काढायचा होता. त्यावरून दिवसभर कल्ला झाला. पाटील एक म्हणत होता, गाव दुसरंच म्हणत होतं, आणि शेवटी रुद्रम्मा नावाच्या म्हातारीनं एक वाक्य बोलून सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली तसंच झालं. ते सगळं मी उर्दूत लिहून काढलं, तीन पानं भरून. कुणी सांगितलेलं नाही, कुठून उतरलेलं नाही, सगळं माझ्या डोक्यातलं. शेवटी लिहिलं की वरची सत्ता गावाची असते, पाटलाला ते कबूल असो वा नसो. पेपर देऊन बाहेर पडलो तेव्हा मी इतका खूश होतो की बाजारात उगाचच दोन वेळा चहा प्यालो.

वही परत मिळाली तर ती तीन पानं काळीठिक्कर. रेघ मारून खोडली असती तर निदान वाचता तरी आली असती. त्यांच्यावर चक्क दौत ओतली होती. खाली शून्य.

मी विचारलं, "साहेब, चुकलं काय माझं?"

"सांगितला तो जवाब लिहायचा," ते वहीकडं बघतच म्हणाले. "तुला अक्कल कोण विचारली रे?"

त्या दिवसापासून मी त्या माणसाला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या मास्तराच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या. पण नोकरी हवी होती. मी त्यांचा जवाब पाठ करायला घेतला. शाळेच्या वाटेवर म्हणायचो, मोटार ढकलताना म्हणायचो, जेवताना म्हणायचो. माझ्या बायकोला, इरम्माला, उर्दूचं अक्षर कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून तिलाही तो पाठ झाला. मी कुठं अडलो की ती चुलीपुढूनच ओरडायची, "आवो, मुल्कहू ऱ्हायलं की तुमचं!"

शेहेचाळीसची चाचणी तापात गेली. पुढची दोन वर्षं रझाकारांच्या धामधुमीत कॉलेजला कुलूपच होतं, तरी मी जवाब सोडला नाही. मग अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत राज्य गेलं. गावात साखर वाटली, मीही खाल्ली. धाराशिवच्या काही गल्ल्यांत त्यानंतर जे झालं ते मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. दस्तगीर साहेबांचा धाकटा भाऊ त्यात गेला, हेही ऐकलंच. खरं सांगतो, मला वाईट वाटलं, पण पहिला विचार मनात आला तो माझ्या चाचणीचाच.

चाचणी एकोणपन्नासच्या जानेवारीत झाली. आता सुट्टी रविवारी, दारावरची पाटी काढलेली, पण पेपर अजून उर्दूतच. फर्मान निघालं होतं की जूनपर्यंत जो इंटर नाही त्यानं घरी जावं. म्हणजे माझी ही शेवटची खेप होती. समोरच्या खुर्चीत नव्या राजवटीचा कारकून बसलेला. दस्तगीर साहेब रांगांमधून हळूहळू फिरत होते. शेरवानी गेली होती, अंगावर साधा सदरा होता, आणि दम्याचा आवाज त्यांच्या आधी यायचा.

कागद उघडला. सवाल तोच होता, 'मुल्कात सगळ्यात वरची सत्ता कोणाची?'

चार वर्षांनी देव पावला असं वाटलं. हात सरसर चालायला लागला. एकाही ठिकाणी अडलो नाही. दीड पान झालं, दुआ चार वेळा आली, चारही वेळा बिनचूक. राज्य जाऊन चार महिने झाले होते, मी स्वतः साखर खाल्ली होती, पण हाताला ते कुणी कळवलंच नव्हतं.

दम्याचा आवाज माझ्या मागं येऊन थांबला. बराच वेळ थांबला. मग साहेबांचा हात माझ्या खांद्यावरून पुढं आला आणि त्यांनी माझी दौत वहीवर उलटी केली.

"अरारा, शाई सांडली!" ते मोठ्यानं म्हणाले. कारकुनानं मान वर केली. "काई न्हाई, शाई सांडली ह्याची. दुसरी वही देतो त्याला."

रुमालानं बाक पुसायच्या निमित्तानं ते वाकले. त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं.

"येडा झाला का रे? ही वही आता नव्या साहेबाकडं जानार. त्यानं ती दुआ बघितली तर नोकरी तर जाईलच, चौकीबी बघशील."

"मग काय लिहू, साहेब?"

"पयल्या बारीला लिवलं व्हतं ते लिव. विहिरीचं."

ते पुढं गेले. मी काळ्या वहीकडं बघत राहिलो. तेव्हाही वह्या इन्स्पेक्टरकडंच जायच्या. ती तीन पानं तशीच गेली असती तर पंचेचाळीसातच माझी तुरुंगात रवानगी झाली असती, आणि ह्याच माणसाला मी चार वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

नवी वही उघडली. विहीर आठवली. पाटील आठवला. रुद्रम्माही आठवली, मधल्या काळात ती वारली होती. पण ती नेमकं काय बोलली होती ते काही केल्या आठवेना. माझं एकही वाक्य आठवेना. डोक्यात तो दुसराच जवाब घाण्याला जुंपल्यासारखा फिरत होता. शेवटी नव्या सरकारच्या जाहीर पत्रकांतली वाक्यं होती, लोकांची सत्ता, लोकांचं राज्य, ती मी एकापुढं एक मांडली. दुआ एकदा लिहिली गेलीच, ती खोडली.

पंधरा दिवसांनी वह्या मिळाल्या. मी पास होतो, काठावर. फॉर्म जाणार होता. साहेब पायरीवर उन्हात बसले होते, मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"पास झाला, चांगलं झालं," ते म्हणाले. "पर ह्यो जवाब काई खास न्हाई. पयला लई चांगला व्हता."

"साहेब, मला तो आठवतच न्हाई."

"मला पाठ हाय," साहेब म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि वर्गात सांगायचे त्याच सुरात, मध्ये मध्ये खोकत, माझा जवाब पहिल्या ओळीपासून म्हणायला लागले. पाटील कुठं उभा होता, दोर कुणाच्या हातात होता, सगळं त्यात होतं. रुद्रम्माचं वाक्य जवळ आलं तसा मी खिशातून पेन्सिल काढली, त्यांच्या पायाशी पायरीवर बसलो, आणि नेहमीसारखा उतरून घ्यायला लागलो.