सागरदिनाला माझी वाचा बसली

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शरमेने मान खाली घालावी म्हटलं तर मला मान नाही, म्हणून झाकण मिटून बसलो आहे.

माझे भाग कुठल्याशा दूरच्या कारखान्यात जुळवले गेले. पण मी माणसात आलो तो बोलिव्हियात, तितिकाका सरोवराकाठच्या एका लहान शाळेत. फाउस्तो गुरुजी मला रोज लोकरी फडक्याने पुसत. मी मुलांना देवमासे दाखवले, ज्वालामुखी दाखवले. गावभर माझं कौतुक झालं आणि मी चांगलाच फुगलो.

त्या वर्गात बासिलिया होती. ती बोलताना अडखळायची. तरी रोज हात वर करायची, घाम फुटेपर्यंत एखादं वाक्य ओढून काढायची. गुरुजींनी तिला माझ्यावर लिहायला शिकवलं. ती लिहायची आणि मी ते खणखणीत आवाजात वाचायचो. तिच्या डोक्यात केवढं काय काय आहे, हे वर्गाला तेव्हा कळलं. हे माझं पुण्य. पण हळूहळू तिने हात वर करणं सोडलं, मग बोलणंही. मला ते दिसत होतं. मला ते आवडत होतं, हे सांगताना आज लाज वाटते.

कार्निव्हलच्या सणात मंगळवारी आमच्याकडे घर, गाडी, अवजारं यांच्यावर बिअर शिंपडून त्यांचे आभार मानतात. बासिलियाची आई सातुर्निना बाटली घेऊन थेट शाळेत आली.

"अहो बाई, यंत्राला पाजू नका!" गुरुजी ओरडले.

"ट्रॅक्टरला चालतं ते याला का नाही? माझ्या लेकीची जीभ आहे हा!" म्हणत तिने सढळ हाताने माझ्यावर बिअर शिंपडली. बटणं चिकट झाली, पण मी चालत राहिलो.

मग मार्चमधला सागरदिन आला. आमच्या देशाचा किनारा फार पूर्वी लढाईत गेला, तरी दरवर्षी सगळा गाव झेंड्याखाली जमतो. यंदाचं भाषण बासिलियाचं होतं, अर्थात वाचणार मी. दोन वाक्यं झाली आणि माझ्या पोटात काहीतरी करकरलं.

"समु... समु... समु..."

मी तिथेच अडकलो. पोरं फिदीफिदी हसली. मी तिची नक्कल करतो आहे असंच त्यांना वाटलं. बासिलियाचा चेहरा पांढराफटक पडला. मित्रांनो, तेव्हा धरणी दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं!

तिने माझं झाकण मिटलं. तोंड उघडलं. शब्द येईना. ती पळणार इतक्यात सातुर्निना गर्दीतून गरजली, "बोल गं पोरी, सावकाश बोल! इतकी वर्षं समुद्राची वाट बघतोय आम्ही, तुझ्या एका वाक्याची नाही बघणार?"

लोक हसले, पण ते हसू वेगळं होतं. म्हातारे खाली बसले, टोप्या मांडीवर ठेवल्या. बासिलिया बोलली. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला तिला. शेवटच्या शब्दापर्यंत कुणी जागचं हललं नाही.

मित्रांनो, मला जरूर वापरा, पुसा, जपा. पण वर्गात कुणी अडखळत असेल तर लगेच माझ्याकडे धावू नका. त्याच्यासमोर बसा आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मला तेवढं कधीच जमलं नाही.