बाहेरची कडी

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. मधली अकरा वर्षं लोक मला फळा म्हणत होते, आणि तेही खरंच आहे. माझ्या अंगावर कुऱ्हाडीचा एक घाव आहे, वीतभर लांब आणि आरपार. नवीन माणूस आला की आधी त्यात बोट घालून बघतो. बघा, माझी काही हरकत नाही. पण बोट घातलंत तर सगळी हकीकत ऐकूनच जायचं. अर्धवट ऐकणाऱ्यांनी आधीच खूप घोटाळा करून ठेवला आहे.

मला घडवलं बसलिंगप्पा सुतारानं, औसा तालुक्यातल्या एका गावात. मालक होता किशनराव. काळ्या दगडांचं, मातीत रचलेलं घर, दोन हात रुंद भिंती. बसलिंगप्पानं मला जाड फळ्या लावल्या, लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि दोन कड्या बसवल्या, एक आतून आणि एक बाहेरून. काम झाल्यावर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि किशनरावला म्हणाला, "आता बायकोपोरांची काळजी सोडा. ह्याला फोडायला हत्ती आणावा लागंल." मी फुगून गेलो होतो. राखण करणं हेच आपलं काम, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं.

किशनरावला एक खोड होती. रात्री शेतावर जागलीला जाताना तो बायकोला उठवायचा नाही. स्वतःच बाहेरून कडी घालायचा आणि सकाळी येऊन काढायचा. माणूस प्रेमळ होता, हे सांगायला हवं. कावेरीबाईंची झोप मोडू नये आणि आत कुणी शिरू नये, एवढाच त्याचा हेतू. वाढदिवसाला कावेरीबाई त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, सिंधुला, माझ्या कडेला उभं करायच्या आणि विळ्यानं तिच्या उंचीची खाच पाडायच्या. माझ्या अंगावर अशा सहा खाचा झाल्या. सातवी पडली नाही.

१९९३ सालची गोष्ट. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. भुईमुगाला रानडुकरं लागली होती, म्हणून किशनराव कडी घालून शेतावर गेला. पहाटे चारच्या आत जमीन हलली. कावेरीबाईंनी सिंधुला उचललं, आतली कडी काढली आणि मला ओढलं. मी बोटभर उघडलो आणि अडलो. त्यांनी तीन वेळा मला हिसका दिला. तिसऱ्या वेळी त्या ओरडल्या, "कडी भाहेरून हाय." त्यानंतर भिंत आली. चौकट उखडली, मी तिरपा होऊन जात्यावर टेकलो, आणि माझ्याखालच्या सांदीत सिंधु राहिली. तिची आई दोन हातांच्या अंतरावर, दगडांखाली होती. आईचा हात सिंधुच्या हातात होता आणि तो हळूहळू गार होत गेला. एवढं जाड लाकूड असून मला काही करता आलं नाही.

उजाडताना किशनराव धावत आला. दगड उपसून उपसून त्याची नखं निघाली. पण त्यानं सगळ्यात आधी काय केलं, ते मी पाहिलं. लोक जमायच्या आत त्यानं माझी बाहेरची कडी कोयंड्यातून काढली. मग हंबरडा फोडला. ही गोष्ट त्यानं पुढं कुणाला सांगितली नाही. सिंधुनंही सांगितली नाही, पण आईचं ते शेवटचं वाक्य तिनं ऐकलं होतं.

ढिगाऱ्यातलं लाकूड विकलं गेलं आणि मी लातूरच्या एका टॉकीजमध्ये पोचलो. तिथले डोअरकीपर करीमचाचा. लुंगीवर कोट घालणारा, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ माणूस. त्यांनी माझी बाहेरची बाजू रंध्यानं तासली, काळा रंग दिला आणि मला आवारात भिंतीला तिरपं टेकवलं. बाहेरची कडी काढली नाही. तिच्यात त्यांनी खडू पुसायचं फडकं अडकवलं. मी पिक्चरवरच्या मतांचा फळा झालो.

करीमचाचांची रीतच निराळी होती. खेळ सुटला की ते खडू घेऊन उभे राहायचे. बघणाऱ्यानं बोलायचं, चाचांनी लिहायचं. पण नावगावाशिवाय एक अक्षर लिहायचे नाहीत. "पहले नाव सांगा, गाव सांगा, मग शिव्या द्या," असं म्हणायचे. "बिननावाचं बोलणं म्हंजे अंधारात दगड फेकणं, मियाँ." नाव, गाव, कितीचा खेळ, खाली बसला की बाल्कनीत, सगळं ते लिहायचे, आणि पिक्चर उतरेपर्यंत कुणाचं पुसू द्यायचे नाहीत. त्यांना ह्याचा फार अभिमान होता. हा अभिमान किती महागात पडणार होता, हे तेव्हा त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

अकरा वर्षं गेली. लातूर क्लासेसनी भरून गेलं. गल्लोगल्ली बोर्ड, सायकलींच्या रांगा, पाठीला दप्तर लावून पळणारी पोरंपोरी. त्यात सिंधु आली, बारावीला. भूकंपानंतर किशनराव तिला क्षणभर नजरेआड करत नव्हता. शहरात पाठवायची वेळ आली तेव्हा त्यानं गावातला पैलवान तिच्या मागं लावला. त्याचं नाव व्यंकट, त्यांच्याच सालगड्याचा मुलगा. अट एकच. तिच्या मागं तीन पावलं चालायचं, कुणी आडवं आलं तर हात चालवायचा, तिच्याशी बोलायचं नाही.

आणि नेमका त्याच वर्षी दिवाळीनंतर टॉकीजला तो पिक्चर लागला. नाव काही का असेना, लोक त्याला बंदूकवाल्याचा पिक्चर म्हणायचे. एक बडा माणूस पोरीच्या रक्षणासाठी बंदूकवाला ठेवतो. जिची राखण करायची तिच्यावरच त्याचा जीव जडतो आणि तो तिला घेऊन पळतो. पुलावर गोळीबार होतो, पाच जण पडतात, आणि शेवटी बाप स्वतःच्या हातानं त्या पोराला गोळी घालतो. पोरगी बघत राहते. सगळा पिक्चर रक्तानं भिजलेला. लोकांनी मात्र डोक्यावर घेतला.

माझ्यावर जागा उरली नाही. भोकरचा एक जण म्हणाला, "फायटिंग एक नंबर, गाणी निस्ती झोप." मुरुडच्या नीलाबाईंनी सांगितलं, "मेला रडवून गेला, पण बापाला सुळावर द्यायला पायजे व्हतं." एकानं सांगितलं, "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याच पोरीवर नजर. असाच मारायला पायजे." त्याच्या खाली दुसऱ्यानं लिहायला लावलं, "मीठ खाल्लं म्हणून काळीज काढून द्यायचं का?" दुसऱ्या दिवशी हे दोघं समोरासमोर आले आणि माझ्या पुढ्यातच भिडले. एकाचे दोन दात पडले. खालच्या खुर्च्यांच्या पट्ट्या उपटून लोक बापाच्या बाजूनं आणि पोराच्या बाजूनं लढले. चाचा मधे पडले तर त्यांच्या कोटाची बाही गेली. रक्त पुसून त्यांनी पुन्हा खडू उचलला. असं वेडं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

एका दुपारी क्लासला सुट्टी झाली आणि सिंधु तीनच्या खेळाला आली. ती बाल्कनीत बसली. व्यंकट खाली, पार शेवटच्या रांगेत. अट पिक्चरमध्येसुद्धा पाळत होता बिचारा. खेळ सुटल्यावर ती माझ्यापाशी आली आणि थबकली. तिनं माझ्या कडेवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, सहा खाचा. मग फडकं बाजूला करून तिनं कडी हातात घेतली. मला ओळखलं होतं तिनं.

"बोल बेटा, कसा वाटला पिक्चर?" चाचांनी विचारलं.

ती कडी हातात धरूनच म्हणाली, "लिहा चाचा. तिला कुणी विचारलंच न्हाई. बापानं बी न्हाई, बंदूकवाल्यानं बी न्हाई. राखण करणाऱ्यानं कडी बाहेरून लावू नये."

चाचांनी लिहिलं. खाली नाव, गाव, तीनचा खेळ, बाल्कनी. व्यंकट तीन पावलांवर उभा होता. चाचांनी त्यालाही सोडलं नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "त्यानं मालकाला तोंडावर सांगायला पायजे व्हतं. पळून जायला नगं व्हतं." तेही लिहिलं गेलं. व्यंकट, तेच गाव, तोच खेळ, खाली. सिंधु तेव्हा पहिल्यांदा मागं वळून त्याच्याकडे बघून हसली आणि तो कानापर्यंत लाल झाला. एवढंच झालं, मित्रांनो. ह्याच्यापुढं काही झालेलं नव्हतं.

गावातला एक जण सोयाबीन बाजारात घालायला लातूरला आला होता. तो पिक्चरला आला, आणि त्यानं फक्त नावं वाचली. दोन नावं, एक गाव, एक खेळ. मजकूर वाचायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. गावात जाऊन त्यानं किशनरावला सांगितलं की तुमची पोरगी गड्याच्या पोराबरोबर पिक्चर बघती, आणि टॉकीजच्या फळ्यावर दोघांची नावं जोडीनं लिहिलीत.

तिसऱ्या दिवशी किशनराव आला. बरोबर काठ्या घेतलेली चार माणसं, स्वतःच्या हातात कुऱ्हाड. आधी तो क्लासवर गेला आणि गेटवर उभ्या असलेल्या व्यंकटला गचांडी धरून टॉकीजपर्यंत ओढत आणलं, तो फळा दाखवायला. सिंधु वर्ग सोडून मागं पळत आली. तीनचा खेळ नुकताच सुटत होता. आवारात माणूस मावत नव्हता.

"वाच," किशनराव म्हणाला. "तुझं नाव वाच, हरामखोर."

व्यंकट म्हणाला, "मालक, म्या खाली बसलो व्हतो."

पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली. तो पैलवान होता, चौघांना लोळवलं असतं त्यानं. पण त्यानं हात उचलला नाही. काठ्या पाठीवर, गुडघ्यावर, डोक्यावर पडत राहिल्या. त्याचं रक्त माझ्या पायथ्याशी साचलं. आणि गर्दी काय करत होती? आताच जी पिक्चर बघून हळहळत बाहेर पडली, ती गर्दी टाचा उंच करून बघत होती. एक जण तर म्हणाला, "सेम टू सेम सीन." मला आजही त्या माणसाचा राग येतो.

करीमचाचा काठ्यांच्या खाली घुसले. त्यांनी व्यंकटला बगलेत धरून ओढलं आणि माझ्या मागं, भिंतीच्या आणि माझ्या मधल्या सांदीत ढकललं. किशनरावनं कुऱ्हाड उगारली. चाचांना एकानं मागं खेचलं. घाव माझ्यावर आला. बसलिंगप्पाचं सागवान चिरलं, पातं आरपार गेलं आणि व्यंकटच्या उजव्या खांद्यात शिरलं. तो ओरडला. मी मात्र पडलो नाही. माझ्याखाली एकदा एक माणूस वाचलं होतं. दुसऱ्याला मी मरू देणार नव्हतो.

किशनराव पातं उपसायला वाकला. सिंधुनं त्याचा हात धरला नाही. ती फक्त म्हणाली, "अप्पा, फळा वाचा."

"काय वाचायचं ह्यात?"

"वाचा. आणि ह्या कडीला हात लावा. वळखू येती का बघा."

त्यानं फडक्यामागची कडी पाहिली. माझ्या कडेच्या खाचा पाहिल्या. मग त्याची नजर अक्षरांवर गेली. राखण करणाऱ्यानं कडी बाहेरून लावू नये. तो पुटपुटत वाचत होता, दुसरीतल्या पोरासारखा. त्याच्या हातातून दांडा सुटला.

"तुला ठावं व्हतं?" त्यानं विचारलं.

"आई वरडली तवा मी तिच्या कडेवरच व्हते," सिंधु म्हणाली. "अकरा वरीस गप बसले. तुमाला दुखंल म्हणून. आता तुमी ह्याला बी मारायला निघालात."

किशनराव तिथंच, रक्तात, खाली बसला. सगळ्या गर्दीसमोर त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "कावेरीला मीच कोंडलं. कडी मीच घातली व्हती." पोलीस आले तेव्हाही त्यानं तेच सांगितलं. पोलिसांना त्यातलं काही कळेना. ते खांद्याच्या घावाबद्दल विचारत होते आणि हा अकरा वर्षांपूर्वीच्या कडीबद्दल बोलत होता. त्याला शिक्षा झाली, ती त्यानं निमूट भोगली.

व्यंकट जगला. त्याचा उजवा हात मात्र कायमचा लुळा पडला, कुस्ती सुटली. सिंधुची त्या वर्षीची परीक्षा हुकली. करीमचाचांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पिक्चर उतरायच्या आत फळा पुसला आणि पुसताना रडले. "नाव लिहिलं मी, बेटा," असं सिंधुला म्हणाले. तिनं त्यांना म्हटलं, "नाव खरंच व्हतं चाचा. वाचणाराची चूक." तरी त्यांनी पुन्हा खडू धरला नाही.

पुढं टॉकीज पाडलं, तिथं पाच मजली क्लास उभा राहिला. सिंधुनं मला भंगारातून सोडवलं. आज मी लातुरातच, क्लासच्या मागच्या गल्लीत, तिनं काढलेल्या मुलींच्या वसतिगृहाला पुन्हा दरवाजा म्हणून आहे. रोज सकाळी मुलींनी कडी काढली की व्यंकट डाव्या हातानं मला उघडतो. ते दोघं नवराबायको आहेत, आणि लग्नाआधी त्यानं तुरुंगात जाऊन किशनरावला तोंडावर विचारलं होतं. मुली अजून माझ्या काळ्या बाजूवर पिक्चरबद्दल वाट्टेल ते लिहितात, कुणी नावानिशी, कुणी बिननावाचं.

जून महिन्यात बाप मंडळी पोरींना घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो. रात्री बाहेरून कुलूप लावता ना? सिंधु त्यांना माझ्यापाशी आणते आणि जिथं बाहेरची कडी होती ती चार भोकं दाखवते. कडी तिनं काढून टाकली आहे. आतली मात्र नवी, भक्कम आहे, आणि ती पोरींच्या हातात आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याला वर्षातून एकदा तेल घाला, पावसाळ्याआधी रंगाचा हात द्या, एवढं पुरे. आणि आपल्या माणसांची राखण जरूर करा, पण कडी त्यांच्या बाजूला ठेवा. किशनराव आता म्हातारा झालाय. महिन्यातून एकदा येतो, आणि मी सताड उघडा असलो तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. बोटांनी हळूच दोनदा वाजवतो आणि विचारतो, "सिंधु, येऊ का आत?"