नवव्या भुंकण्याचं बिस्किट

सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र तीन ओळींचं होतं. कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल तक्रार आली आहे, महिन्याभरात त्याला आवरा, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय करा. खाली सही आणि सहीखाली शिक्का. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि कुत्र्याकडे पाहिलं. तो सोफ्याखालून अर्धं अंग बाहेर काढून पसरला होता. आपल्याविरुद्ध जगात कोणाची काही तक्रार आहे, याची त्याला गंधवार्ताही नव्हती.

"फौजदार, तुझी बदली करायला निघालेत लोक," बाई म्हणाल्या. त्याने शेपूट एकदा जमिनीवर आपटलं.

फौजदार हे नाव भाचीने ठेवलेलं. बाई निवृत्त होऊन घरात एकट्या पडल्या, तेव्हा तिने हे तपकिरी पिल्लू आणून त्यांच्या मांडीवर टाकलं होतं, आणि पिल्लाने पहिल्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी सुरू केली होती. त्याला आता दोन वर्षं झाली. बाई सकाळी उठायच्या त्या त्याच्यासाठी, आणि संध्याकाळी गॅलरीत त्याच्याशी गप्पा झाल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. तो गेला असता तर दिवसभरात तोंडातून एक शब्द काढायला त्यांना कारण उरलं नसतं.

तक्रार कोणाची हे उघड होतं. खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी यायची आणि झोपायची, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायची. वर्षभरात ती चार वेळा वर येऊन गेली होती. तीनदा बाईंनी दारच उघडलं नव्हतं. चौथ्यांदा उघडलं ते, "दिवसातून चार-पाचदा तोंड उघडतो बिचारा, त्याचं एवढं काय!" असं सुनावून परत लावून घेण्यापुरतं.

आता खरं काय ते सांगून टाकावं हे बरं. बाईंना कमी ऐकू यायचं. उजव्या कानाने केव्हाच संप पुकारला होता आणि डावाही हल्ली कामचुकारपणा करत होता. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा अर्धंमुर्धंच सांगितलं होतं. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. नुसत्या खाकरण्यावरून कोणत्या खात्याचा साहेब आहे ते त्या ओळखायच्या. आमच्या बाईंचा कान म्हणजे कान आहे, असं मोठे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. अशा बाईने कानात यंत्र खुपसून फिरायचं? त्यापेक्षा टीव्ही मोठा लावणं आणि भाचीच्या फोनवर दर तीन वाक्यांनी "हो ना, बघ ना" म्हणणं सोपं होतं. "हो ना, बघ ना" एवढ्यावर माणसाचं किती वर्षं निभतं, हे ज्याने करून पाहिलंय त्यालाच ठाऊक.

भाचीनेच मग कुत्र्यांना शिकवणारा एक माणूस शोधून पाठवला. हा मूळचा पोस्टमन. अठ्ठावीस वर्षं दारोदार फिरताना त्याने इतकी कुत्री अंगावर घेतली होती, की निवृत्त झाल्यावर दुसरा कोणता उद्योग त्याला सुचलाच नाही. पोटरीवर दोन आणि मनगटावर एक अशा अनुभवाच्या खुणा होत्या, आणि त्या न विचारताही तो दाखवायचा.

"बाई, भुंकतो म्हणजे तो काहीतरी सांगतोय," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "त्याचं तोंड बांधून काय होणार? म्हणणं काय ते बघायचं, म्हणजे तोंड आपोआप मिटतं. ते झटके देणारे पट्टे आणि पाण्याचे फवारे माझ्याकडे मागू नका. मला बघवत नाही ते."

एवढं बोलून तो तासभर नुसता खुर्चीत बसून राहिला. बाईंना वाटलं, बरा मास्तर मिळाला, चहा प्यायला आलाय. पण तासाभराने त्याने पिशवीतून बटरपेपर काढला आणि खिडकीच्या खालच्या काचांवर चिकटवून टाकला. रस्त्यावरची प्रत्येक स्कूटर आपल्या परवानगीशिवाय जाते, याचा फौजदाराला संताप येत होता. स्कूटर दिसलीच नाही तर तो अडवणार कोणाला? सकाळचा दहा मिनिटांचा फेरफटका त्याने पाऊण तासाचा करायला लावला, आणि कुत्रा वास घेत थांबला की पट्टा ओढायचा नाही अशी ताकीद दिली. "पेपर वाचतोय तो. वाचून होऊ दे." फिरून आल्यावर जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या खाण्याचे दाणे लपवून ठेवायचे. ते हुंगून शोधण्यात त्याचा अर्धा तास जायचा, मग तो जो लवंडायचा तो दुपारपर्यंत.

"राहिलं दाराचं," पोस्टमन म्हणाला. "बेल वाजली, जिन्यात पाऊल वाजलं, की तो भुंकणार. पहिल्या भुंकण्याला तुम्ही उठायचं. दारापाशी जायचं, म्हणायचं, 'बास, बघितलं.' तो गप्प झाला की लगेच बिस्किटाचा तुकडा. उशीर करायचा नाही आणि ओरडायचंही नाही. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, वा, आज बाईपण भुंकायला आल्या सोबतीला."

बाई यावर खळखळून हसल्या. असं हसून त्यांना बरेच दिवस झाले होते.

जाताना त्याने एक वही ठेवून दिली. रोज किती वेळा भुंकला, खिडकीपाशी की दारापाशी, ते मांडायचं. तशीच एक वही त्याने खाली नर्सलाही दिली, कारण ज्याला त्रास होतो त्याचा हिशेब जास्त पक्का असतो असं त्याचं मत होतं.

खिडकीचं भुंकणं आठवड्यात बंद झालं. बाई जाम खूश होत्या. वहीत चार, तीन, पाच, तीन असे आकडे पडत होते. सेक्रेटरींच्या तोंडावर ही वही कशी फेकायची, याची मनातल्या मनात रंगीत तालीमही झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात पोस्टमन नर्सला घेऊनच वर आला. पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिच्या वहीत एक्केचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस असं लिहिलेलं होतं.

"एक्केचाळीस?" बाई कडाडल्या. "कुत्रा आहे का भोंगा?"

"काकू, मी खोटं कशाला लिहू?"

"ते मी काय सांगू? तुला त्याला घालवायचंच आहे, मग चारचे चाळीस व्हायला काय वेळ लागतो!"

पोस्टमन दोन्ही वह्या मांडीवर घेऊन पानं उलटत होता. खिडकीपाशी भुंकणं बंद झाल्याची नोंद दोघींच्या वह्यांत एकाच दिवशी होती. म्हणजे पोरगी खोटं लिहीत नव्हती. जमत नव्हतं ते फक्त दाराचं. त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"ताई, जरा बाहेर जाऊन बेल दाबता का?" तो नर्सला हळूच म्हणाला.

ती बाहेर गेली. बाईंचं चालूच होतं. हल्लीच्या मुलींना जरा म्हणून सोसवत नाही, कारखान्यात आम्ही भोंग्याच्या आवाजात बसून कामं केली. फौजदार उठला. दाराकडे बघून त्याने तोंड न उघडता घशातल्या घशात एक आवाज काढला आणि वळून बाईंकडे पाहिलं. पोस्टमनने एक बोट वर केलं. बाई बोलतच होत्या. फौजदार जरा मोठ्याने भुंकला आणि पुन्हा वळून पाहिलं. दुसरं बोट. चौथ्याला तो दारापर्यंत धावत जाऊन परत त्यांच्या गुडघ्यापाशी आला. सातव्याला त्याचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले जात होते. नवव्याला घर दणाणलं, तेव्हा कुठे बाई दचकून उठल्या.

"बास, बघितलं!"

फौजदार जागच्या जागी गप्प झाला. बाईंनी त्याला बिस्किटाचा तुकडा दिला आणि विजयी मुद्रेने वळल्या. "बघा. एका शब्दात ऐकतो."

पोस्टमनची नऊ बोटं अजून वरच होती.

"बाई, त्याचं काही चुकत नाहीये," तो म्हणाला. "बिस्किट नवव्याला मिळतं, म्हणून तो नऊ वेळा भुंकतो. अगदी मन लावून शिकलाय तो."

"पण बेल वाजली नाही, काही नाही, उगाच भुंकला कशाला?"

अर्धवट उघड्या दारात नर्स उभी होती. "काकू, मी तीनदा वाजवली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बाईंना तेच जास्त झोंबलं.

"तुमचं झालं असेल तर या आता," बाई पोस्टमनला म्हणाल्या. त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि संध्याकाळी गॅलरीत गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. घरातल्या घरात त्या दोनदा टिचकी वाजवून पाहत होत्या, एकदा या कानापाशी आणि एकदा त्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून पोस्टमनचा राग येत होता.

तिसऱ्या दिवशी भाची आली. तिच्या हातात नवीकोरी जाड साखळी होती.

"ही कशाला?" बाईंनी विचारलं.

भाची समोर बसून, तोंडाकडे बघत बोलत होती, त्यामुळे प्रत्येक शब्द कळला. "अगं मावशी, सोसायटीची मुदत संपतेय, शनिवारी ते न्यायला येणार ना त्याला. गोदामवाले. राखणीला ठेवतील, दिवसभर बांधलेला असेल, पण खायला-प्यायला व्यवस्थित घालतात. मागच्या आठवड्यात फोनवर नाही का बोललो आपण?"

"मी काय म्हणाले?"

"तू म्हणालीस, हो ना, बघ ना. मी दोनदा विचारलं तुला. दोन्ही वेळा तेच म्हणालीस. मलाही नवल वाटलं, पण म्हटलं, तू ठरवलंयस."

बाई साखळीकडे बघत राहिल्या. आपण आपल्या हाताने, एक अक्षर न ऐकता, दोनदा होकार देऊन या मुक्या जिवाला गोदामात बांधून टाकलं होतं. फौजदार त्या साखळीचा मोठ्या उत्सुकतेने वास घेत होता.

"मला ऐकू येत नाही गं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"ऐकू येत नाही मला. तू फोनवर काय बोललीस त्यातलं काहीही मला कळलं नव्हतं. बेलही येत नाही ऐकू." एकतीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे जोडून देणारी ही बाई एवढी तीन-चार वाक्यं बोलली आणि ढसाढसा रडली. भाचीने साखळी पिशवीत कोंबली आणि मावशीला जवळ घेतलं.

एकदा तोंडातून निघाल्यावर मग दुसऱ्यांदा फार जड गेलं नाही. बाई तशाच खाली गेल्या आणि नर्सची बेल दाबली. दुपारचे बारा वाजले होते. पोरगी गाढ झोपेतून उठून आली. तिला झोपेतून उठवून बाईंनी सांगितलं काय, तर तुझी झोप माझ्यामुळे मोडते म्हणून.

नर्सने डोळे चोळत सगळं ऐकून घेतलं. "मी तीनदा येऊन गेले होते काकू. मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम दार उघडत नाही."

"मला वाटायचं, कोणी येतच नाही," बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नर्स त्यांना आपल्या इस्पितळात कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या आणि आपली वही चुकीची आहे, खालच्या मजल्याची बरोबर आहे, असं आपल्या तोंडाने म्हणाल्या. आणखी महिन्याची मुदत द्या, अशी मागणी नर्सनेच केली, आणि जिची तक्रार तीच मुदत मागतेय म्हटल्यावर सेक्रेटरींना बोलायला जागा उरली नाही.

कानातली यंत्रं आली. पहिले दोन दिवस बाईंना वेड लागायची पाळी आली. फ्रिज गुरगुरतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. वर्तमानपत्राची घडी मोडली की कोणीतरी पत्रा फाडतंय असं वाटायचं. त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली, परत घातली, परत काढली. पोस्टमन येऊन गेला. आता नऊवरून एकावर आणायचं, घाई नको, एवढंच त्याने सांगितलं आणि जाताना नेहमीप्रमाणे पोटरी दाखवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. यंत्रं कानात होती. फौजदार टॉवेलवर लवंडला होता. त्याने मान उचलली, दाराकडे पाहिलं आणि घशातल्या घशात तो आवाज काढला.

बाईंचा हात थांबला. भुंकणं कसलं ते! बाजूच्या माणसाला कोपराने हलकेच डिवचून, कोणीतरी आलंय बरं का, असं म्हणावं, तेवढंच होतं ते. त्यात आरडाओरडा नव्हता, हट्ट नव्हता. फौजदाराने सवयीने बाईंकडे वळून पाहिलं आणि दुसऱ्या भुंकण्यासाठी छाती भरून घेतली.

"हो रे, ऐकलं," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या, दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं. समोरच्या घरी कोणी पार्सल घेऊन आलं होतं. "बास, बघितलं." फौजदार छाती तशीच भरलेली ठेवून उभा होता. आता या हवेचं काय करायचं, हे त्याला कळेना. मग त्याने ती नाकातून सोडून दिली आणि खाली बसला. बिस्किट द्यायचं बाई साफ विसरल्या, आणि त्यानेही मागितलं नाही.

दोन वर्षं. दोन वर्षं हा प्रत्येक वेळी आधी असं हळूच सांगत आला होता, वळून बघत होता, आणि कोणी उत्तर देईना म्हणून बिचाऱ्याला ओरडावं लागत होतं. लोक त्याला भुंकरा म्हणाले. बाईंनी कपडे तसेच टाकले आणि त्याच्याजवळ फरशीवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. खाली नर्स झोपली होती, म्हणून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"आणखी काय काय सांगत होतास रे मला?"