वरच्या मजल्यावरचा टीव्ही

अकोल्यातल्या त्या फ्लॅटचा भाडेकरार ललित आणि माधवीने मुदतीआधीच मोडायचं ठरवलं. कारण आवाज. संध्याकाळ झाली की वरच्या मजल्यावरचा टीव्ही एकाएकी ठणाणा ओरडू लागे, आणि त्याआड काहीतरी जड आपटल्यासारखं वाजे. मग सगळं चिडीचूप. ती शांतता माधवीला आवाजापेक्षा जास्त भिववायची.

ललित एकदा तक्रार घेऊन वर गेला होता. तिथे राहणाऱ्या मनोजने दारातच हात जोडून माफी मागितली. दार लागलं आणि टीव्हीचा आवाज आणखी मोठा झाला.

घरमालक पंजाबरावांनी काही हरकत घेतली नाही. "आधीचे भाडेकरूही आवाजापायीच गेले," ते सहज बोलून गेले.

सामान बांधायला हिवरखेडहून ललितची आई, सुंदराबाई आली. टीव्ही गरजला तशी तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"यापायी घर सोडून राह्यले तुमी?"

"डोकं उठते, आई."

"टीव्हीनं, का त्याच्या आड जे वाजते त्यानं?"

ललितने मान फिरवली. "लोकायच्या घरातलं भांडण. आपण कशाले मधात पडावं?"

"तू तक्रार करून खाली आला. त्याचा मार कोणी खाल्ला असन? तुमी तं करार मोडून जासान. ते वरची पोरगी काय मोडन?"

माफी मागताना मनोज आपल्याकडे नव्हे, आत पाहत होता, हे ललितला आता आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

सुंदराबाईने रिकामी वाटी उचलली. गावाकडे विरजण मागायच्या निमित्ताने बाया एकमेकींच्या दारात डोकावून येतात. इथे दही पाकिटात मिळतं, म्हणून कोणी कोणाच्या दारात जात नाही. ती माधवीला घेऊन वर गेली.

"दही नाही," मनोज म्हणाला.

"तुले नाई, घरच्या बाईले विचारून राह्यली."

मागून त्याची बायको करिश्मा आली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजलेला. घरात दही नव्हतंच, तरी तिने वाटी धरली आणि सोडेना!

"खाली चाल, बाई," माधवीने तिचा हात धरला.

"हा आमच्या घरचा मामला आहे," मनोज पुढे सरसावला.

"पोलिसांना सांगा तसं. मी फोन केलाय, येतच आहेत," जिन्यावरून ललित म्हणाला.

करिश्माला त्यांनी खाली आपल्या घरी आणलं आणि बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. वाचकहो, आवाजाला कंटाळून आपण घर बदलतो, तेव्हा त्या आवाजात मागे कोण राहतं, हे निघण्याआधी एकदा वर जाऊन पाहा.