आईची माती

चादरीचं एक टोक पिळता पिळता ओडिल म्हणाली, "तुझ्या आईचं ऐकून फार वाईट वाटलं गं. तू मात्र धीराची."

ग्वेनोलाच्या हातातलं दुसरं टोक तसंच राहिलं. "आईचं काय?"

शेजारच्या बोटीवरची ती बेल्जियन बाई आधी गोंधळली आणि शेवटी सांगून मोकळी झाली. ग्वेनोलाची आई गेल्या महिन्यातच गेली होती. ग्वेनोलाच्या नवऱ्याने, एर्वानने, बोटीच्या रेडिओवर ओडिलच्या नवऱ्याला तसं सांगितलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या बोटींना ठाऊक होतं.

ग्वेनोला बोटीवर परतली तेव्हा एर्वान दोरी गुंडाळत होता. त्याने नाकारलं नाही. मागच्या मुक्कामी, प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांवर असताना सॅटेलाइट फोनवर तिच्या बहिणीचा निरोप आला होता, आणि तो फोन त्याच्याच ताब्यात असे. तिथून विमान मिळालं असतं. ती आईच्या मातीला पोचली असती.

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," तो म्हणाला. "आम्ही तिथेच अडकलो असतो. वाऱ्याचा मोसम हातचा गेला असता. आणि तू जाऊन आई थोडीच परत येणार होती?"

"बहिणीला काय कळवलंस?"

"तुला यायला जमणार नाही म्हणून."

ती ओरडली नाही. एका फळीपलीकडे त्यांची मुलगी एनोरा गणितं सोडवत बसली होती. मुलगी रांगत होती तेव्हा फ्रान्समधल्या ब्रिटनीतलं घर विकून ही बोट घेतली, आणि तेव्हापासून भांडण गिळायची सवयच ग्वेनोलाला लागली होती. हलत्या शेगडीवर स्वयंपाक, खाऱ्या पाण्यात धुणं, मुलीची शाळा, हे सगळं तिचं. बंदरोबंदरी कौतुक व्हायचं ते एर्वानचं. तेही तिने चालवून घेतलं होतं. पण बहिणीच्या डोळ्यांत तिला वाईट ठरवून तो इतके दिवस तिच्या हातचं निवांत जेवला, हे काही तिच्या घशाखाली उतरेना. रात्री तो शांत घोरत होता. ती जागीच राहिली आणि पहाटेपर्यंत तिचं ठरलं.

वारा फिरणार होता, म्हणून नांगर उचलून प्रवाळकड्याच्या आतल्या पाण्यातून, ते आता थांबले होते त्या बेटाच्या दक्षिण टोकाला जायचं होतं. सकाळी तिने एनोराला गावातल्या ओळखीच्या मारेराकडे सोडलं. मारेरा खोबरं वाळवत होती, आणि एनोराला ते काम फार आवडायचं. जाताना ग्वेनोलाने मुलीचे कपडे, पुस्तकं, पासपोर्ट, सगळं बरोबर नेलं. मारेराने पिशवीकडे पाहिलं आणि ती घरात नेऊन ठेवली.

अशा पाण्यात सुकाणूवरच्या माणसाला खालचं दिसत नाही. बोटीच्या टोकाशी उभं राहून ग्वेनोला हाताने खुणा करायची आणि एर्वान तशी बोट वळवायचा. इतक्या वर्षांत तिची खूण एकदाही चुकली नव्हती. हिरवं पाणी म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ.

समोर तपकिरी डाग आला. तो मोठा होत गेला, त्याच्यावरून फिरणारे मासेही दिसू लागले. ग्वेनोलाने हात सरळ पुढे धरला.

आवाज हाडं दळल्यासारखा आला. ती आडवी पडली, गुडघा फुटला. बोट कलली, सुकाणू मोडलं, खालून पाणी भरू लागलं. एर्वान धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दिसला नाही तुला?"

"दिसला होता," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू वळवली असतीस."

मग त्याला कळलं, आणि कळलेलं तिने त्याच्या तोंडावर पाहिलं. तेवढंच तिला हवं होतं. रक्त पुसायचंही तिला सुचलं नाही.

गावातल्या माणसांनी होड्या आणून गाद्या, भांडी, शिडं काढली. बोट काही निघण्यासारखी राहिली नाही. बहिणीला ग्वेनोलाने गावातून स्वतः फोन केला. काय झालं ते सगळं सांगितलं, आणि दोघी खूप वेळ रडल्या.

रविवारी चर्चमध्ये मारेराने तिला आईचं नाव विचारलं. "सोआझिग," ग्वेनोलाने सांगितलं. मारेराने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि बाकीच्या बायकांना सांगितलं. मग कधी न पाहिलेल्या त्या म्हातारीसाठी सगळ्या बायका आपल्या भाषेत, आपल्या चालीत गाऊ लागल्या. एनोरा आईला टेकून ऐकत होती.

एर्वान उशिरा आला. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी मागून घेतलेला सदरा. बाकाच्या कडेला, ग्वेनोलाच्या शेजारी एका माणसापुरती जागा होती. तो तिथवर आला आणि थांबला.

समोर पाहत गाणं ऐकता ऐकता ग्वेनोला बाकाच्या कडेपर्यंत सरकून त्या रिकाम्या जागेवर बसली.