पाच ताऱ्यांची खाट

"नाही जमत," बायको म्हणाली. "पोटात दुखतंय की समोरच्या गच्चीवरच्या माणसाला हाका मारताय?"

पेशंटराव स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवे पडले होते. गुडघे पोटाशी, चष्मा कपाळावर, आणि गळ्यातून असा काही आवाज काढत होते की शेजारणीने दोनदा भिंत ठोकली. बायको कपबशा विसळता विसळता मान वळवून बघत होती.

"मग कसं करू?"

"काहीच करू नका. खरं दुखतं ना, तेव्हा माणूस ओरडत नाही हो. गप्प होतो. ओठ पांढरे पडतात, घाम येतो, आणि कुठेतरी एका जागी बघत बसतो. बाबा गेले तेव्हा असेच बघत होते, दाराच्या कडीकडे."

"आणि गप्प बसलो तर त्यांना कळणार कसं, मला दुखतंय ते?"

"ते कळणं हेच त्यांचं काम ना?"

"तुला नाही समजायचं," पेशंटराव उठून बसले. "कण्हलो नाही तर कोणी येणार नाही. कोणी आलं नाही तर मी गुण कशाला देऊ?"

"मग कण्हा," ती म्हणाली. "पण शेजारीण आली तर तुम्हीच दार उघडा."

गल्लीत त्यांना सगळे पेशंटराव म्हणत, आणि ते नाव त्यांनी घाम गाळून कमावलं होतं. एक कंपनी होती. ती दरवर्षी शहरातल्या इस्पितळांची तुलना करणारं पुस्तक काढायची: उपचार कसे, माणसं पुरेशी आहेत का, खर्च किती येतो. प्रत्येकाचे तारे ठरायचे, जास्तीत जास्त पाच. घरात कोणी आजारी पडलं की लोक ते पुस्तक उघडत आणि तारे बघून रिक्षा बोलवत. त्या पुस्तकासाठी पेशंटराव आजारी पडत. चोरून. इस्पितळाला कळू न देता जायचं, खाटेवर पडायचं, बेल दाबायची आणि कोण कसं वागतं ते बघून घरी यायचं.

आता आजारी पडणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. पण पेशंटरावांच्या अंगात ती कला होती. सासूबाई राहायला येणार आहेत एवढं मनात आणलं की काचेतला पारा वर चढायचा. खोकला असा काढायचे की खिडकीवरची कबुतरं जागा बदलायची. एकदा तर त्यांना थेट ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं होतं. "जरा जाऊन येतो" म्हणून उतरले ते पाठीला नाड्या असलेल्या हिरव्या झग्यात बसने घरी आले. कंडक्टरला वाटलं, डॉक्टर आहेत. त्याने तिकीट न मागता आपली जीभ काढून दाखवली. पेशंटरावांनी ती नीट पाहून, चहा कमी करायला सांगितला.

शहरात इस्पितळं दोनच, म्हणजे बोलण्यासारखी. एक जुनं सरकारी, गल्लीच्या टोकाला. एका खाटेवर दोघे आणि अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर. तिथे बेल नव्हतीच, हवं असेल तर ओरडायचं. पेशंटराव ओरडले. एक जाडजूड सिस्टर आली, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं, एकदा पोट दाबलं आणि म्हणाली, "ऊठ. काही झालेलं नाही तुला. खाट सोड, तो दारात पडलाय त्याला घेऊ दे."

"अहो सिस्टर, माझा प्राण चाललाय!"

"प्राण चाललेला माणूस चष्मा पुसून बघत नाही, कोण आलंय ते. ऊठ म्हणते ना!"

आणि दंडाला धरून बाहेर काढलं. पेशंटरावांनी त्या इस्पितळाला अर्धा तारा दिला, तोही खर्च जवळजवळ नव्हता म्हणून. वागणुकीच्या रकान्यात त्यांनी असं शून्य काढलं की कागद फाटला.

दुसरं म्हणजे काचेचं इस्पितळ, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाहेरून काच, आतून काच, जमीन अशी की माणूस स्वतःच्या प्रतिबिंबावर पाय देऊन चालायचा. तिथे डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसत, आधी स्वतःचं नाव सांगत, मग हात लावू का म्हणून विचारत. बेलवरचं बोट उचलायच्या आत सिस्टर हजर. आणि एक नाही. एकीने डाव्या हाताची नाडी धरली की दुसरीला उजवा हात असायचा, तिसरी बिचारी पायाचा अंगठा धरून उभी राहायची. उशी तर अशी मऊ, की पेशंटराव घरी येऊन बायकोला म्हणत, "देवाने मला एकदा तरी खरा आजार द्यावा."

"तुमच्या जिभेला हाड नाही," ती म्हणायची.

एवढंच की भिंतीपलीकडे कुठेतरी एक बेल सारखी वाजत असायची. सिस्टर हसून सांगायची, "ती बिघडलीये साहेब, आपोआप वाजते." पेशंटराव मनात टिपून ठेवत: दुरुस्ती हवी.

आता गंमत अशी, की काचेच्या इस्पितळात पेशंटरावांना दुसऱ्या वर्षीच ओळखलं होतं. आजार दरवर्षी नवा, पण हातातली पिशवी तीच. निळी, गाद्यांच्या कापडाची, बायकोने शिवलेली. गेटवरच्या रखवालदाराच्या ते लक्षात आलं. त्याने वर सांगितलं, वरच्यांनी आणखी वर सांगितलं, आणि मग पेशंटरावांचा फोटो गेटच्या खोलीत आतल्या बाजूला लागला. निळी पिशवी दिसली की रखवालदार फोन उचलायचा. साध्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर हातातलं काम टाकून, केस सारखे करत वर पळायच्या. मागे राहिलेले आजारी लोक बेल दाबत बसायचे. ही झाली ती बिघडलेली बेल. हे इस्पितळातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या पेशंटरावांना नव्हतं.

एका वर्षी मात्र घोळ झाला. एका नव्या डॉक्टराने त्यांना खरंच आजारी समजून सुई टोचली, रक्त काढलं, पोटाचा फोटो काढला. पेशंटराव खवळले. धडधाकट माणसाला सुई? गरज नसताना तपासण्या करून खर्च वाढवायचा? त्यांनी एक तारा कापला. नव्या डॉक्टराची नोकरी गेली आणि सगळ्यांना ताकीद मिळाली: हा माणूस येईल तेव्हा सुई नाही, तपासणी नाही, फोटो नाही. हसायचं, समजावून सांगायचं, उशी द्यायची. पुढच्या वर्षी पाचच्या पाच तारे.

त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने नवा रकाना काढला: भांडखोर नातेवाइकांशी सिस्टर कशा वागतात. म्हणून पेशंटराव ऑफिसातल्या एका कारकुनाला आजारी करून घेऊन गेले आणि स्वतः भाऊ होऊन किंचाळले, "नाटक वाटतंय तुम्हाला? माणूस मरतोय इथे!" एकाही सिस्टरच्या कपाळाला आठी नाही. खुर्ची आली, पाणी आलं. पुन्हा पाच तारे.

आणि मग एका सकाळी बायकोच्या हातातून कप पडला.

ती खाली बसली, तिथेच, कपाच्या तुकड्यांशेजारी. पेशंटराव पेपर वाचत होते.

"काय गं? फुटला का?"

त्यांनी पेपर खाली केला. ती नळाकडे बघत होती. नळ बंद होता.

"काय होतंय? दुखतंय का कुठे?"

तिने हात पोटावर ठेवला. ओठ कागदासारखे झाले होते.

"अगं, मग बोल ना! ओरड जरा!"

ती काही ओरडली नाही. पेशंटराव मात्र तिघांचं ओरडले. शेजारीण धावत आली, तिने रिक्षा आणली, दोघांनी मिळून तिला आत बसवलं. घाईत हाताला लागली ती पिशवी पेशंटरावांनी उचलली. निळी.

गल्लीच्या टोकाशी सरकारी इस्पितळाचं फाटक आलं. बायकोने त्यांची बाही धरली.

"इथेच थांबवा," ती म्हणाली. सकाळपासून पहिलं बोलली ती हेच.

"वेड लागलंय का तुला? अर्धा तारा आहे त्याला. मीच दिलाय." आणि ते रिक्षावाल्याला म्हणाले, "चला हो, काचेच्या इस्पितळात. लवकर."

"लांब आहे साहेब. बाईंची तब्येत बघता..."

"पाच तारे आहेत! तुम्ही चला!"

काचेच्या गेटवर रखवालदाराने पिशवी बघितली आणि फोन उचलला. रिक्षा पायऱ्यांशी थांबेपर्यंत चाकांची खुर्ची आली, छत्री आली, गुलाबी कपड्यांतल्या सहा सिस्टर आल्या. पेशंटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बघ, ते बायकोला म्हणाले, याला म्हणतात व्यवस्था.

वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली खोली. पांढरी चादर, खिडकीत फुलं. सगळ्यांत मोठी सिस्टर स्वतः आली, तिने स्वतःचं नाव सांगितलं, मग बाकीच्यांची सांगितली. मोठे डॉक्टर आले. त्यांनी हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या मागून, मनगटापर्यंत धुतले, पेशंटरावांकडे अधूनमधून बघत धुतले. मग खुर्ची ओढून बसले.

"हात लावू का?"

"लावा हो! विचारता काय!"

डॉक्टरांनी दोन बोटं पोटावर टेकवली. बायकोचा श्वास अडकला.

"वा," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि मग मोठ्याने, सावकाश सांगायला लागले. पोटात कोणकोणते अवयव असतात, ते कुठे असतात, आणि आम्ही प्रत्येक निर्णयात तुम्हाला कसं विश्वासात घेतो.

"ते राहू दे. सुई लावा, रक्त बघा, फोटो काढा!"

डॉक्टर हसले. "नाही साहेब. गरज नसताना सुई आम्ही लावत नाही. तुमचा खर्च वाढेल असं काहीही इथे होणार नाही."

"खर्च जाऊ दे खड्ड्यात! तिच्याकडे बघा!"

"बघतोय ना. सगळेच बघतोय."

खरंच सगळे बघत होते. दाराशी दोन तरुण सिस्टर कुजबुजत होत्या आणि पेशंटरावांना ते स्वच्छ ऐकू आलं.

"या वर्षी बाई आणलीये."

"हो, पण नवीन दिसते गं. कण्हतसुद्धा नाही. तो मागचा कारकून किती छान करत होता."

पेशंटराव त्या दोघींकडे बघत राहिले. मग आपल्या मांडीवरच्या निळ्या पिशवीकडे. मग त्यांना सगळं एकदम समजलं. माणसाला जिन्यात पायरी नाही हे पाय टाकल्यावर समजतं, तसं.

"ऐका," ते मोठ्या सिस्टरचा हात धरून म्हणाले. "मीच तो. पुस्तकवाला. तारेवाला."

"हो का?" ती गोड हसली. "आम्हाला कल्पनाच नव्हती."

"आज तपासणी नाहीये! ही माझी बायको आहे. खरी! खरंच दुखतंय तिला!"

"आम्ही खरंच आहे असं समजूनच करतो, साहेब."

"नाटक वाटतंय तुम्हाला? माणूस मरतोय इथे!"

हे शब्द तोंडातून निघाले आणि त्यांना स्वतःलाच ओळखीचे वाटले. सिस्टरलाही वाटले असणार. तिने मान तिरकी केली, मागे बघून बोट हलवलं. खुर्ची आली. पाणी आलं. एकीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, दुसरीने नाडी धरली.

"बसा साहेब. तुमचा त्रास आम्ही समजू शकतो."

त्यांनी पेला भिरकावला. काच फुटली. कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. झाडूवाला आला, हसून काच भरून घेऊन गेला. भिंतीपलीकडे बेल वाजत होती.

"तिला उचला," ते रडायला लागले. "मी सरकारीत नेतो. रिक्षा बोलवा."

"असं रागावून जाऊ नका साहेब. काही कमी राहिलं का? सांगा ना, आत्ताच्या आत्ता करतो."

बायकोने बोटं हलवली. ते वाकले.

"तुम्ही पण ना," ती म्हणाली. पुढचं काहीतरी म्हणायचं होतं तिला, पण ती खिडकीच्या कडीकडे बघायला लागली.

डॉक्टरांनी पुन्हा हात धुतले आणि तुम्हा दोघांना थोडा निवांतपणा देतो असं म्हणाले. निवांतपणालाही गुण होते. सगळे पावलांचा आवाज न करता बाहेर गेले, दार कापसासारखं मिटलं.

पेशंटराव तिचा हात धरून बसले. ते तिच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कपाबद्दल काहीतरी, आपण नवा आणू, असं. तिच्या पोटात सकाळीच काहीतरी फुटलं होतं, आणि ते बघायला एक सुई आणि एक फोटो पुरला असता. खिडकीतलं ऊन फुलांवरून भिंतीवर गेलं. मग केव्हातरी त्यांच्या हातातला हात जड झाला. ती कडीकडे बघत होती, पण आता कडीकडे बघायचं तिला काही कारण उरलं नव्हतं.

मग त्यांनी बेल दाबली.

बोट अजून बेलवरच होतं आणि दार उघडलं. सहाच्या सहा दारात, हसू जागच्या जागी. पेशंटरावांचे डोळे सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेले. इतक्या लवकर आजवर कुठेच कोणी आलं नव्हतं.

"बोला साहेब," मोठी सिस्टर म्हणाली. तिने खाटेकडे बघितलं, चादरीची चुणी हाताने सारखी केली. "बाईंना अजून एक उशी देऊ?"

पेशंटरावांनी तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"द्या," ते म्हणाले. "मऊ असेल ती द्या."

आणि तिचं डोकं त्यांनी स्वतःच दोन्ही हातांनी उचलून धरलं.